दादामियाँचं उत्तर

"आपण साथीला बसलात, की मी लोकांसाठी गात नाही," टीव्हीतली ती देखणी नटी म्हणाली, आणि भीमराव ओव्हाळांच्या हातातला चमचा तोंडाशी येऊन थांबला. चिवडा होता. चार दाणे लेंग्यावर सांडले. रविवार, दुपारचे साडेचार, कोथरूडमधला मुलाचा, राकेशचा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एकोणतीस इंची नवाकोरा टीव्ही, राकेशच्या ऑफिसातले दोन मित्र खाली मांडी ठोकून बसलेले आणि सून दीपाली चहाचे कप गोळा करत असलेली. कोणालाही काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते एकट्या भीमरावांना, जिन्याची एक पायरी चुकल्यावर होतं तसं. हे वाक्य जगात तीन माणसांना ठाऊक होतं. एक, जिने ते उच्चारलं ती गायिका, विमलाबाई मांडके. दुसरे, ज्यांना ते ऐकवलं ते दादामियाँ, तिचे सारंगीवाले, जे अठ्ठ्याऐंशी सालीच गेले. आणि तिसरा, ज्याने ते ऐकायलाच नको होतं, तो इथे लेंग्यावरचे शेंगदाणे वेचत बसला होता. चौथी एक होती, पण तिचं नाव भीमरावांना या घटकेला आठवायचं नव्हतं. सिनेमात नावं अर्थातच बदललेली होती. गायिकेचं नाव देवयानी ठेवलं होतं आणि सारंगीवाल्याला सगळे नुसतं उस्ताद म्हणत होते. पण नाव बदलून पुण्यात कोणाला फसवता येतं? नटी वाक्य बोलून थांबली, नटाने मान वर केली, तो आता काही बोलणार एवढ्यात साबणाची जाहिरात लागली.

"कसला जबरी डायलॉग आहे यार," राकेशचा एक मित्र म्हणाला. "आता हा काय बोलणार, सांग."

तो काय बोलणार हे भीमरावांना माहीत नव्हतं. खरा माणूस काय बोलला हेही माहीत नव्हतं. तेहतीस वर्षं झाली त्याला. डिसेंबर एकोणसत्तर, सकाळची वेळ, रेडिओचा मोठा स्टुडिओ. काचेच्या अलीकडे बूथमध्ये एकतीस वर्षांचे भीमराव, पलीकडे गालिच्यावर विमलाबाई. ख्याल होऊन गेला होता, ठुमरी व्हायची होती. तबलजी पान खायला बाहेर गेले, तानपुऱ्यावरच्या दोन्ही मुली गरम पाणी आणायला गेल्या, आणि आत उरले ते दोघे. दादामियाँ मान खाली घालून सारंगीच्या तरफा लावत होते. पस्तीस-छत्तीस तारा असतात त्या, एकेक खुंटी पिळत लावायच्या, वेळ लागतो. रेडिओचा शिरस्ता असा की गाणं थांबलं की ध्वनिमुद्रकाने फेडर, म्हणजे आवाजाची दांडी, खाली ओढायचा, आतलं बोलणं आपण ऐकायचं नाही. भीमरावांनी तो दिवसातून वीस वेळा पाळला होता. त्या दिवशी मात्र तरफा जुळताना त्यांचा असा काही एक झंकार उठत होता की हात फेडरवर जाऊन तिथेच राहिला. टेप फिरत होती. आणि विमलाबाई समोरच्या भिंतीकडे बघत, गाण्याचे बोल सांगावेत तितक्या सरळ आवाजात म्हणाल्या, "दादामियाँ, पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे येऊ नका. आपण साथीला बसलात, की मी लोकांसाठी गात नाही." तेव्हा कुठे भीमरावांच्या हाताला जाग आली. फेडर खाली गेला. एक वाक्य उशिरा, पण गेला. मग काचेतून नुसतं दिसलं. दादामियाँचे ओठ हलले. फार नाही, तीनचार शब्द असतील. विमलाबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला. तेवढ्यात पानाचा तोबरा सांभाळत तबलजी आत आले. नंतर जी ठुमरी झाली तिची आजही लोक आठवण काढतात. दादामियाँ त्यानंतर विमलाबाईंच्या मागे कधीच बसले नाहीत. का बसले नाहीत यावर पुण्याने पुढची तीस वर्षं चहाबरोबर खूप तर्क लढवले. मानधनावरून वाजलं म्हणणारे होते, घराण्याच्या अभिमानावरून म्हणणारे होते. भीमराव अशा बैठकीत बाकावर कडेला बसून ऐकत आणि एक अक्षर बोलत नसत. हे न बोलणं त्यांना फार आवडायचं. खिशात हात घालून आत काहीतरी आहे याची खात्री करून घ्यावी, तसं ते अधूनमधून त्या वाक्याला हात लावून बघत.

कारण त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? रेडिओवर निवेदिका गायकाचं नाव सांगते, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण ते सांगते. काचेमागे कोण ते सांगायची पद्धत नाही. तेहतीस वर्षं नोकरी झाली, हजारो तास गाणं त्यांच्या बोटांखालून गेलं, आणि त्यांचं नाव हवेत एकदाही उमटलं नाही. नाव नसणं हे एका परीने सोयीचंही होतं. सुरुवातीच्या वर्षांत काही बुवालोक आल्याआल्या चौकशी करून घ्यायचे, त्या मुलाचं आडनाव काय, आणि आडनाव कळलं की मायक्रोफोन पुढेमागे करायला स्वतःच उठायचे. वर हसून म्हणायचे, तुम्हाला कशाला त्रास! भीमरावांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले जुने देव नदीत सोडले होते. ते पाहिलेल्या मुलाला असलं हसणं कळायला वेळ लागत नाही. विमलाबाई तसल्या नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्या सरळ बूथमध्ये आल्या, भीमरावांच्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, आपलाच आवाज दोन मिनिटं ऐकला आणि म्हणाल्या, "भीमराव, माझ्या मास्तरांनी ऐकलं नाही इतकं नीट तुम्ही ऐकता. आता मी काळजी करत नाही." त्यानंतर प्रत्येक वेळी जाताना काचेकडे बघून नमस्कार. त्या एका नमस्कारासाठी भीमराव रजा पुढे ढकलत असत.

जाहिराती संपत नव्हत्या. मोबाइलची झाली, घरकर्जाची झाली. दीपालीने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाहीये का? घाम आलाय तुम्हाला." ते म्हणाले, तिखट लागलं.

आता चौथीचं नाव आठवणं भागच होतं. शर्मिला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती घरी आली होती, जीन्स, झोळी, केस आखूड, बोलणं मोठं गोड. संगीतावर संशोधन करते म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं; ते सिनेमासाठी आहे का, हे भीमरावांनी विचारलंच नाही. तिने पहिल्या दिवशी विचारलं, "सर, ते आवाज नक्की पकडायचात कसे?" सर! निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. घरात राकेश हिंजवडीहून रात्री नऊला यायचा आणि विचारायचा ते जेवलात का एवढंच. बायको होती तोवर ती निदान ओरडायची तरी. आणि ही मुलगी वही उघडून विचारत होती की मायक्रोफोन किती फुटांवर ठेवायचात. भीमरावांनी तिला सगळं सांगितलं. सारंगीसमोर मायक्रोफोन छातीच्या उंचीवर ठेवला तर गज खरखरतो, जरा तिरपा केला तर तिच्यातला माणूस बोलायला लागतो. टेप ब्लेडने तिरकी कापायची, सरळ कापली तर जोड टक्‌कन वाजतो. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला तुकड्यांची गोष्ट सांगितली. गाण्याच्या आधीचा-नंतरचा नको असलेला भाग कापून टोपलीत टाकायचा असे. भीमराव तो टोपलीत टाकत नसत, खिशात टाकत. घरी आणून एकाला एक जोडत. असं करता करता तेहतीस वर्षांत टेपचं एक स्पूल भरलं. त्यात गाणं नाही. त्यात खोकणं आहे, तानपुरा लागतोय, कोणीतरी गरम पाणी मागतंय, एक बुवा नातवाला दटावतायत. जे कोणी ऐकणार नव्हतं ते सगळं. तिसऱ्या खेपेला शर्मिला म्हणाली, सर, ऐकवाल?

आणि त्यांनी ऐकवलं. भंगारातून घेतलेलं जुनं मशीन होतं, त्यावर स्पूल चढवलं. त्या जागेवर आल्यावर ते थांबवू शकले असते. अठरा मिनिटं उलटली की ते येतं, हे त्यांना पाठ होतं. पण ते म्हणाले, "आता हे नीट ऐका. खोली किती शांत आहे बघा. तरफांचा झंकार कसा हवेत राहतो. आणि त्याच्यावर बाईंचा आवाज येईल, तो पकडायला मी काहीच केलं नाही, मायक्रोफोन मुळात बरोबर जागी होता म्हणून आला." शब्दांकडे लक्ष नाही द्यायचं, आवाजाकडे द्यायचं, अशी त्यांची तिला ताकीद होती. त्या क्षणी त्यांचा स्वतःचाही यावर विश्वास होता. ते कारागिरी दाखवत होते. सुताराने उलटं करून स्टुलाचा सांधा दाखवावा, तशी. वाक्य येऊन गेलं, टेप तिथेच तुटते, पुढे लगेच कोणाचा तरी खोकला. शर्मिलाने वही मिटली. ती काहीच बोलली नाही. तेव्हाच समजायला हवं होतं. माणूस आवाज ऐकून गप्प होत नाही, अर्थ कळला की होतो. भीमराव मात्र तिला पुढचा खोकला कोणाचा ते सांगत बसले.

सिनेमा परत सुरू झाला. नटाने डोळ्यांत पाणी आणलं, सारंगी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "मग मी तरी कोणासाठी वाजवतो, बाई?" मागे व्हायोलिनं उसळली. सारंगीवाल्याच्या सिनेमात व्हायोलिनं! नटीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. राकेशच्या मित्राने शीळ घातली. भीमरावांना वाटलं आपण ओरडावं, अहो, त्यांनी पदर सारखा केला फक्त! पण कोणाला ओरडून सांगणार? मग श्रेयनामावली वर सरकायला लागली, आणि अगदी शेवटी, एकटंच, मधोमध: विशेष ऋणनिर्देश, श्री. भीमराव ओव्हाळ, ज्येष्ठ ध्वनिमुद्रक. राकेश उडी मारून उठला. "बाबा! तुमचं नाव! अरे, माझ्या बाबांचं नाव!" दीपालीने टाळ्या वाजवल्या. मित्रांनी वाकून नमस्कार केला, अगदी मनापासून केला. भीमरावांचा ऊर भरून आला, आणि तो भरून आला याची त्यांना शिसारी आली. दोन्ही एकदमच. नाव पडद्यावर चार सेकंद होतं. विमलाबाईंना डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं स्वच्छ दिसतं, हे त्यांना माहीत होतं.

सोमवारी सकाळी राकेश ऑफिसला गेल्यावर ते बाहेर पडले. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी मनात वाक्यं जुळवली आणि कापली. मला कल्पना नव्हती. हे खोटं. त्या मुलीने फसवलं. हेही खोटंच, तिने फक्त ऐकलं. माझं चुकलं. हे खरं, पण इतकं लहान की ते घेऊन कोणाच्या दारात जायचं? मागच्या सीटवर दोन बायका कालच्या सिनेमाबद्दलच बोलत होत्या. एक म्हणाली, "त्याची बायको असणारच की गं कुठेतरी." दुसरी म्हणाली, "असेल, ती कशाला दाखवतील?" भीमरावांना जैनबभाभी आठवल्या. दादामियाँच्या घरी ईदला ते दोनदा गेले होते. भाभींनी शीरखुर्मा दिला होता आणि आतूनच विचारलं होतं, गोड पुरे आहे ना भाई? आत्तापर्यंत, कालपासून, त्यांच्या मनात हे नाव एकदाही आलं नव्हतं. ते आपल्या आणि विमलाबाईंच्या नमस्कारातच अडकून बसले होते. त्यांना उठून उतरून जावंसं वाटलं. पण अजून स्टॉप यायचा होता.

नारायण पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावर विमलाबाईंनी स्वतःच दार उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं, पाठ ताठ. "या," म्हणाल्या. "कालच वाटलं होतं याल. म्हटलं, सत्कार-बित्कार चालू असेल."

भीमराव चपला काढायला विसरले, मग आठवून काढल्या. "बाई, माझं चुकलं," ते उभ्याउभ्याच म्हणाले.

"ते दिसलंच टीव्हीवर. नाव मोठं टाकलंय, चष्मा लागला नाही. बसा." त्या समोर बसल्या. "मी तुम्हाला शिव्या घालीन असं वाटत असेल तर ते नंतर. आधी काम आहे. सकाळी सातला जैनबचा फोन आला होता. रडली नाही, ओरडली नाही. तिने एकच विचारलं. ते खरंच तसं म्हणाले का? मी तरी कोणासाठी वाजवतो, असं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"दहा वाजता सांगते म्हटलं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा घसरला. "भीमराव, मला आठवत नाहीये. माझं मी बोलले ते आठवतं. भिंतीवरचं घड्याळ आठवतं. ते काय म्हणाले ते मी तेहतीस वर्षं जपून ठेवलं होतं, रोज नाही, पण होतं. साधंच काहीतरी होतं. आणि काल त्या पोराने तोंड उघडलं, तेव्हापासून तिथे त्याचंच वाक्य ऐकू येतं. त्याच्याच आवाजात. रात्रभर बसले होते, दादामियाँचा आवाज येतच नाही. तुम्ही बूथमध्ये होतात. तुम्ही ऐकलंत. मला सांगा, मी तिला तेच सांगते."

भीमरावांनी डोळे मिटले. काच दिसली, मान खाली घातलेले दादामियाँ दिसले, ओठ हलले, आणि त्यांच्या डोक्यातसुद्धा तो नटच बोलला. "बाई," ते म्हणाले, "तुमचं वाक्य झालं आणि मी फेडर खाली केला. पुढचं ऐकू नये म्हणून. टेपवरही नाही. मला नुसते ओठ दिसले."

विमलाबाई म्हणाल्या, "नेमकी तेव्हाच बरी लाज वाटली तुम्हाला."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. भीमराव खाली बघत बसले आणि त्यांना स्वतःचा इतका राग आला की दाढा दुखल्या. आयुष्यात एकदा, एका क्षणी ते सभ्यपणाने वागले होते, आणि आज त्याचाच कोणाला काडीचा उपयोग नव्हता. दहाला पाच कमी असतानाच फोन वाजला. विमलाबाईंनी उचलला, "हो गं, आलेत ते. इथेच आहेत," म्हणाल्या, आणि रिसीव्हर पुढे केला. "तुम्हीच सांगा. जे मला सांगितलंत तेच. माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही, आणि का वाटावं?"

"भीमरावभाई?" आवाज म्हातारा झाला होता, पण तोच होता, आतल्या खोलीतून आल्यासारखा. "मी जैनब. माझ्या नातीने, नाजिमाने, तुमचं नाव वाचून दाखवलं काल. म्हटलं, अल्लाचे उपकार, ओळखीचं माणूस आहे. मला पिक्चरचं काही नाही भाई. लोक दोन दिवस बोलतील. बाई काय बोलल्या त्याचंही नाही, कोणी काय बोलावं ते आपल्या हातात नसतं. हे काय म्हणाले तेवढं सांगा. तुम्ही तर ऐकलंत ना?"

मी ऐकलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते जिभेवर तयारही होतं. पण ज्याचं नाव पडद्यावर मधोमध आलं, त्याने ऐकलं नाही म्हटलं तर ही बाई काय समजेल? टाळतायत, समजेल. आणि तिचा तो भाबडा 'ना' ऐकून भीमरावांना तिला काहीतरी द्यावंसं वाटलं. लहानसं, घरगुती, रात्री उशाशी घेऊन झोपता येईल असं. तिचं नाव असलेलं. तेहतीस वर्षांत त्यांनी कोणाच्या तोंडी स्वतःचा शब्द घातला नव्हता. कापलं असेल, जोडलं असेल, पण घातला नव्हता.

"ऐकलं ना भाभी," ते म्हणाले. "साधंच म्हणाले हो ते. म्हणाले, घरी जैनबला विचारतो आणि सांगतो."

भीमरावांचा कान सवयीने पलीकडच्या खोलीत शिरला. लांब कुठेतरी रिक्षा गेली, एक भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"भाई," जैनबभाभी म्हणाल्या, अगदी हळू, त्यांनाच समजावल्यासारखं. "एकोणतीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. मिरज सोडून आपण पुण्याला चाललोय, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही हो." मग जरा थांबून, "बरं. तुम्ही तरी काय करणार. ठेवते."

भीमरावांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. विमलाबाईंनी सगळं ऐकलं होतं, निदान अलीकडची बाजू. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

भीमरावांनी सांगितलं. जसंच्या तसं, मिरज आणि गाडीसकट.

विमलाबाई उठल्या. खिडकीशी जाऊन त्यांनी पडदा उगाच थोडा सरकवला आणि परत पहिल्यासारखा केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर भीमरावांना सोसला असता.

"माहीत नाही म्हणाला असतात तर तिने तेवढ्यावर निभावलं असतं," त्या म्हणाल्या. "आता तिला वाटणार, खरं ते सांगण्यासारखं नव्हतं. मलासुद्धा हेच वाटलं असतं."